अंधाराची आणेवारी

विष्णुपंतांच्या वहीचं एक पान मी काढलं आणि बंबात घातलं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, ती त्या वेळी बंबाशेजारीच पाण्याची वाट बघत उभी होती. पण पानाबद्दल सांगायचं तर आधी वहीबद्दल सांगायला हवं, आणि वहीबद्दल सांगायचं तर विष्णुपंतांबद्दल. आमच्या तालुक्यात अंधार आण्यांत मोजणारा तो एकच माणूस होता.

विष्णुपंत महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर होते. उभी हयात त्यांनी पिकांची आणेवारी केली. म्हणजे सुगीच्या आधी शेताच्या बांधावर उभं राहायचं, पीक डोळ्यांनी जोखायचं आणि लिहायचं : बाजरी नऊ आणे, हरभरा अकरा आणे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. तेवढं त्यांनी फारसं कुणाला दिलं नाही. एकोणचाळीस साली ते पेन्शनीत निघाले आणि वर्षभर त्यांना काही सुचेना. अंगणातल्या तुळशीची आणेवारी झाली, आमटीची झाली. आमटीला सात आणे मिळाल्यावर त्यांच्या बायकोनं, मथूकाकूंनी, दोन दिवस चूल पेटवली नाही, तेव्हा तो प्रकार थांबला.

मग चाळीस सालच्या हिवाळ्यात कधीतरी त्यांनी अंधाराला हात घातला.

मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. आमची घरं भिंतीला भिंत लागून. एका संध्याकाळी ते अंगणात मान वर करून उभे दिसले. मी विचारलं, काय बघताय? ते म्हणाले, "आठ आणे. जेमतेम."

मला वाटलं, कुणाचं पीक.

त्यांची मोजण्याची रीत पक्की होती. कृत्तिकांचा पुंजका बघायचा. पाच चांदण्या दिसल्या तर आठ आणे, सहा दिसल्या तर दहा, सात दिसल्या तर बारा. त्यापुढं आकाशगंगेच्या कडा बघायच्या. कडा दुधासारख्या फाटलेल्या दिसल्या की चौदा. आणि सोळा आणे कधी? तर आपला हात डोळ्यांसमोर धरावा, हात दिसू नये, पण जिथं चांदण्या नाहीत तिथं आपला हात आहे असं कळावं. असा अंधार त्यांना अजून मिळाला नव्हता. तो कुठंतरी पश्चिमेला, घाटाकडं असणार, अशी त्यांची खात्री होती. तसा शेरा त्यांनी लिहिला नव्हता, कारण पाहिलं नव्हतं. "पाहिल्याशिवाय लिहायचं नाही," हे त्यांचं पालुपद. तीस वर्षांच्या नोकरीत न पाहता एक अक्षर लिहिलं नाही, असं ते सांगत, आणि ते खरं होतं. त्यामुळेच ते सर्कलच्या वर चढले नाहीत, असं कचेरीतले लोक सांगत, आणि तेही खरं असावं.

वही मात्र सरकारी रजिस्टरासारखीच. जाड दोऱ्यानं शिवलेली, पानांवर आकडे घातलेले, पहिल्या पानावर दाखला : 'या वहीत एकूण पाने शहाण्णव असत.' खाली सही. मजकूर सगळा मोडीत. एका ओळीत जागा, तिथी, वेळ. मग अंधार किती आणे. मग सोबत कोण. आणि शेवटी 'तारा तुटल्या' अमुक इतक्या. उल्का पडते तिला आपण तारा तुटला म्हणतो. विष्णुपंत तुटली म्हणायचे. त्यांच्या लेखी तारा ही बाई. मी एकदा म्हटलं, पंत, व्याकरणात तो तारा आहे. ते म्हणाले, "व्याकरण लिहिणारा रात्री लवकर झोपत असेल." मला हसू आलं. तेव्हा मला कुठं माहीत होतं की एवढ्याशा लिंगापायी माणूस आत जातो.

उजेडाशी त्यांचं उघड वैर होतं. कोपऱ्यावरच्या हलवायानं दुकानावर गॅसबत्ती टांगली, तेव्हा यांनी म्युनिसिपालिटीत अर्ज दिला. 'अर्जदाराचे अंगणातील अंधार अकरा आण्यांवरून आठ आण्यांवर आला असून सदर नुकसानीचा पंचनामा व्हावा.' अर्जावर 'दप्तरी ठेवणे' असा शेरा पडला. हलवाई दिसला की म्हणायचा, "पंत, पेढा घ्या. दिव्याखाली बघून घ्या." विष्णुपंत पेढा घेत आणि घरी नेऊन, वात बारीक करून खात.

लग्नाला बोलावलं तर जात. वरातीत डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसं पुढं निघाली की यजमानाला बाजूला घेऊन सांगत, "सगळं उत्तम. पण तीन आणे." यजमान बिचारा देण्याघेण्यात काही कमी पडलं का म्हणून हबकायचा. पौर्णिमेला ते सात वाजता झोपत. कोजागिरीचं दूध दुसऱ्या दिवशी सकाळी पीत. लढाई सुरू झाली, रॉकेल रेशनवर आलं, गावातले निम्मे कंदील बंद झाले. लोक कातावले, हे मात्र खुशीत. "लढाईनं एक बरं केलं. गाव दोन आण्यांनी सुधारलं."

म्युनिसिपालिटीचे कंदील लावायचं काम हुसेनभाईंकडं होतं. खांद्यावर शिडी, हातात तेलाचा डबा. आमच्या गल्लीतला कंदील ते सगळ्यात शेवटी लावत आणि पहाटे सगळ्यात आधी विझवत. विष्णुपंतांसाठी. साहेबानं विचारलं तर सांगत, गल्ली वाकडी हाय, फिरून यावं लागतं. मधला अर्धा तास दोघं आमच्या ओट्यावर बसून आभाळाकडं बघत. हुसेनभाईंना एकाही नक्षत्राचं नाव येत नव्हतं. त्यांचा हिशेब सोपा होता. "दिवा लावायला येतो म्हनून काळोख वळकतो," असं ते म्हणत, आणि विष्णुपंत मान डोलावत. गावात त्यांना ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

नोकरी नसलेल्या माणसाला सुट्टी काय, पण विष्णुपंत अमावास्येच्या आगेमागे चारपाच दिवस रजेवर निघाल्यासारखे निघत. घोंगडी, काठी, वही आणि एक कंदील. कंदिलाच्या काचेला लाल फडकं गुंडाळलेलं. काकूंच्या जुन्या लुगड्याचं. लाल उजेडात लिहिलं तर डोळ्यांचा अंधार मोडत नाही, हा शोध त्यांनी स्वतः लावला होता. घाटाकडच्या राजूरच्या बाजारात त्यांना सगळे ओळखत. तिथल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हुडकता वं रावसाहेब डोंगरात?" हे म्हणाले, अंधार. म्हातारा म्हणाला, "त्यो आमच्याकडं लई हाय. न्या की पोतंभर." विष्णुपंतांनी वही काढली आणि त्याला गांभीर्यानं विचारलं, कुठल्या अंगाला जास्त आहे? त्या म्हाताऱ्यानंच त्यांना वरच्या सड्याची वाट सांगितली. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. न झाड, न घर, आणि चारी बाजूंनी डोंगराची कड अशी की खालचा एकही दिवा दिसू नये.

त्या सड्यावर मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. हे महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं लिहितो.

बेचाळीसचा मार्गशीर्ष. कचेरीला दोन दिवस सुट्टी होती आणि ते बरेच दिवस मागं लागले होते. कोळशावर चालणारी मोटार राजूरपर्यंत, पुढं पायी. मोटार दर चढावाला थांबे आणि आम्ही सगळे उतरून ती ढकलत असू. विष्णुपंत ढकलत नसत, ते ड्रायव्हरला विचारत की दिवे लावल्याशिवाय गाडी चालवता येते का. संध्याकाळी वर पोचलो. थंडी मरणाची. मी घोंगडीत शिरलो आणि सरळ झोपलो. पहाटे कधीतरी त्यांनी मला हलवलं.

"मधुकर, ऊठ. हात धर डोळ्यापुढं."

मी हात धरला. हात नव्हता. चांदण्यांमध्ये पाच बोटांचं एक भगदाड होतं.

विष्णुपंत बराच वेळ सप्तर्षींकडं बघत उभे होते. मग कंदील जवळ ओढून त्यांनी लिहिलं. मी थंडीनं कुडकुडत होतो. काय लिहिलं ते विचारलं नाही. परत येताना मोटारीत बसल्यावर ते आपल्याशीच म्हणाले, "बैलगाडी येईल का वरपर्यंत?"

त्याच पंधरवड्यात राजूरच्या रस्त्यावर कुणीतरी तारायंत्राच्या तारा तोडल्या.

त्या दिवसांबद्दल जास्त सांगायला नको. नगरच्या किल्ल्यात मोठे पुढारी आणून ठेवलेले, गावोगाव पोरं भूमिगत, आणि पोलिसांना वरून रोज विचारणा. कुणीतरी कळवलं की डोंगरावर लाल दिवा दिसतो. चार दिवसांनी विष्णुपंत नेहमीसारखे दुसऱ्या एका टेकडीवरून उतरत होते, तर खाली दोन शिपाई उभेच. घोंगडी, काठी, लाल फडक्याचा कंदील आणि वही यांसकट त्यांना चौकीवर नेलं.

फौजदार कर्नाटकाकडून बदलून आलेले, सभ्य गृहस्थ. मोडी त्यांना येत नव्हती. त्यांनी मामलेदारांना चिठ्ठी पाठवली. मामलेदारांनी मला बोलावलं. मोडी चांगली वाचणारा कचेरीत मीच. वही माझ्या हातात आली, उद्या सकाळी चौकीवर येऊन वाचून दाखवायची.

घरी आणून मी ती चाळली. आणि बासष्टाव्या पानावर माझं नाव दिसलं.

'राजूरवरचा सडा. मार्गशीर्ष वद्य अमावास्या, पहाट. अंधार सोळा आणे. सोबत मधुकर कारकून. तारा तुटल्या अकरा.' आणि त्याखाली, नेहमी नसायची अशी एक ओळ : 'मथूस येथे आणणे. उशीर करू नये.'

ही ओळ मी तेव्हा वाचली, पण समजून घेतली नाही. माझे डोळे माझ्या नावावर होते. मी सरकारी नोकर. घरात तीन मुलं, म्हातारे वडील. तारा तुटल्या त्या पंधरवड्यात त्या रस्त्यावर मी होतो, आणि ते माझ्याच खात्यातल्या पेन्शनरच्या हस्ताक्षरात लिहिलेलं. दोरा सैल करून पान बाहेर काढायला मला फार वेळ लागला नाही. दप्तरात असली कामं आम्हाला येतात. सकाळी बंबात टाकलं. बायको म्हणाली, आज पाणी लवकर तापलं.

चौकीत विष्णुपंत बाकावर बसले होते. घडी मोडलेलं उपरणं, बाकी ठीक. दाराशी हुसेनभाई उभे होते, तेलाच्या डब्यासकट. कुणी बोलावलं नव्हतं. मी वाचायला लागलो. पहिली दहा मिनिटं खरं तर गंमतच झाली.

मी वाचलं, "चित्रा स्वच्छ. स्वाती एकटीच, उशिरा."

फौजदारांनी पेन्सिल थांबवली. "हा स्वाती कोण? कुठं राहतो?"

"नक्षत्र आहे," विष्णुपंत म्हणाले.

"आणि चित्रा?"

"तेही."

एक शिपाई तोंड फिरवून हसला. फौजदारही हसले. मला वाटलं, सुटलो. म्हणजे ते सुटले. फौजदारांच्या मनातही सोडायचंच होतं. सर्कलचा हुद्दा भोगलेला म्हातारा माणूस, त्यांनाही संकोच वाटत होता. मग मी पुढं वाचलं : 'राजूर रस्ता, तिसरे वळण. अंधार चौदा आणे. गस्त नाही, दिवे नाहीत. तारा तुटल्या सात.'

फौजदारांचं हसू गेलं. त्यांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"तारा तुटल्या. सात," ते म्हणाले. "आमच्या रिपोर्टात पाच आहे. दोन जास्ती कुठल्या?"

विष्णुपंतांनी सांगितलं की या आभाळातल्या. फौजदार म्हणाले, आभाळातला तर तारा तुटला म्हणतात, शाळेत मी मराठी शिकलो तेव्हा मास्तरनी तसंच शिकवलं. तुटल्या त्या खांबावरच्या. कर्नाटकातल्या त्या माणसानं उभ्या आयुष्यात एकदाच लिंग बरोबर धरलं असेल, ते तेवढ्या वेळी. तरीही त्यांनी दार उघडं ठेवलं. म्हणाले, तुमच्या सोबत कोणी होतं? कोणी सांगितलं की हा मनुष्य आभाळच बघत होता, तर मी आत्ता सोडतो.

विष्णुपंतांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

"कोणी नाही," ते म्हणाले.

तेव्हा दारातून हुसेनभाई बोलले. "साहेब, तारा म्हंजी चांदन्या. पंतांची बोली हाय ती. मी सोता त्यांना मोजताना बगितलंय."

फौजदारांनी त्यांच्याकडं बघितलं, त्यांच्या तेलाच्या डब्याकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं वळले. "तुम्ही शिकलेले आहात. शेजारी राहता. खरं काय ते तुम्ही सांगा. इथं तारा म्हणजे काय?"

मी म्हणालो, "साहेब, मोडीत नुसतं 'तारा' एवढंच लिहिलंय. अर्थ लिहिलेला नाही."

एवढं अचूक उत्तर मी नोकरीत दुसरं दिलं नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हुसेनभाईंनी डबा उचलला आणि ते गेले. त्यानंतर आमच्या गल्लीतला कंदील सगळ्यांच्या बरोबरीनं, वेळेवर लागायला लागला.

विष्णुपंत सात महिने आत होते. खटला उभा राहिलाच नाही.

मी रोज संध्याकाळी काकूंकडं जाऊन बसायचो. लोक म्हणत, शेजारी असावा तर असा. काकूंची नजर तेव्हा उतरत चालली होती. काचबिंदू. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की हा थांबत नाही. पत्र आलं की मी वाचून दाखवायचो. पत्रात बहुधा तब्येत ठीक आहे आणि खोलीत रात्रभर दिवा जळतो, एवढंच असे.

एकदा गवारीच्या शेंगा मोडता मोडता काकू म्हणाल्या, "मधू, हे डोंगर का हिंडायला लागले, तुला बोलले कधी?"

मी म्हटलं, नाही.

"मलाही नाही बोलले. पण मला वाटतं ते माझ्यामुळं." मग त्यांनी सांगितलं. लग्नात नवऱ्यामुलीला अरुंधती दाखवतात. सप्तर्षींमधल्या वसिष्ठाच्या कुशीतली बारीकशी चांदणी. काकू तेव्हा अकरा वर्षांच्या. दिवसभराच्या गडबडीनं पेंगुळलेल्या, वर बत्त्यांचा उजेड. भटजींनी आभाळाकडं बोट केलं आणि विचारलं, दिसली का? "मला कुठली दिसतेय? पण सगळे खोळंबले होते. मी म्हटलं, दिसली. पुढं कधी बघायचं सुचलंच नाही. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी सहज ह्यांना म्हटलं, अहो, सगळं बघून झालं, तेवढी अरुंधती राहिली. हसले नाहीत. जेवले आणि अंगणात जाऊन उभे राहिले."

शेंगा मोडून झाल्या होत्या. मी उगाच सुपातल्या शिरा वेचत बसलो.

ऐन आषाढात विष्णुपंत परत आले. आभाळ गच्च भरलेलं. काकूंना तोवर फक्त दिवा आहे की नाही एवढंच कळत होतं. मी भेटायला गेलो तेव्हा परत मिळालेली वही त्यांच्या मांडीवर होती आणि ते पानं मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "पंच्याण्णव."

 बाहेर पागोळ्या पडत होत्या.

"शिलाई सैल असेल," ते म्हणाले. आणि मग धाकट्याचा खोकला कसा आहे ते त्यांनी विचारलं.

त्या पौषात त्यांनी बैलगाडी ठरवली. मला म्हणाले, तू चल. आत सात महिने दिवा जळत होता, माझे डोळे बिघडलेत, शून्य आण्यांत राहिलेला माणूस मी. मला स्वतःला ती बारीक चांदणी आता दिसेल असं वाटत नाही. बरोबर नजर असलेलं माणूस हवं. मी सांगितलं की कचेरीत तपासणी आहे. तपासणी नव्हती. त्यांना ते माहीत असणार. तपासण्या कोणत्या महिन्यात असतात हे त्यांना कुणी सांगायला नको. ते "बरं" म्हणाले. हुसेनभाई गेले. एक रात्र गाव कंदिलाशिवाय राहिलं आणि हुसेनभाईंचा दिवसाचा पगार कापला गेला.

सत्तेचाळीस साली गावानं विष्णुपंतांचा सत्कार केला. तारा तोडणारे वीर म्हणून. मंडपात गॅसबत्त्या, खुर्च्या, मामलेदार अध्यक्ष. आभाराचं काम माझ्याकडं. एका वक्त्यानं तर त्यांना खांबावर चढवलं. शेवटी विष्णुपंत उठले. म्हणाले, "मी एकही तार तोडलेली नाही. त्या आपण होऊन तुटल्या."

टाळ्या थांबेनात. एवढा विनय लोकांनी पाहिला नव्हता. मला आभार मानायला उभं राहायचं होतं. इंग्रज गेला होता, फौजदार बदलून गेले होते, मला धक्का लावणारं आता कोणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मंडपवाल्याचे आणि पाणी भरणाऱ्यांचे आभार मानले. उतरताना विष्णुपंतांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाले, "समारंभ चांगला. पण दोन आणे."

गेल्या वर्षी ते गेले. तेरावा झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. ट्रंकेतून वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "मोडी आता गल्लीत कुणाला येते? तूच वाच."

मी वाचत गेलो. चित्रा स्वच्छ, स्वाती उशिरा. काकू मधूनमधून हसत होत्या. एकसष्टाव्या पानानंतर थांबलो. तिथं एक नवं पान शिवलेलं होतं, वेगळ्या कागदाचं, दोरा नीट आवळलेला. त्यावर आकडा घातलेला, बासष्ट.

'राजूरवरचा सडा. मार्गशीर्ष वद्य अमावास्या, पहाट. अंधार सोळा आणे. सोबत कोणी नाही. तारा तुटल्या अकरा.'

शेवटची ओळ त्यांनी पुन्हा लिहिली नव्हती. लिहिण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. मी वाचलं तसं काकूंनी मान वळवली.

"कोणी नाही कसं? तू गेला होतास ना रे?"

"हो काकू."

 मी पान उलटलं. वहीतली शेवटची नोंद पौषातली होती, बैलगाडीच्या रात्रीची. जागा तीच. अंधार सोळा आणे. सोबत हुसेन. तारा तुटल्या, आकडा नाही. आणि खाली : 'मथूस अरुंधती दिसली.'

काकू हसल्या. "मीच म्हटलं होतं, दिसली. हे किती वेळ मान वर करून उभे होते. हुसेनभाई बिचारे बोट दाखवून दाखवून दमले. थंडी लागत होती सगळ्यांना." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "लिहिलं का त्यांनी ते?"

मी म्हटलं, लिहिलंय.

पाहिल्याशिवाय लिहायचं नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातच्या त्या वहीत दोन नोंदी खोट्या आहेत. एक त्यांनी काकूंसाठी केली, एक माझ्यासाठी.

काकू अजून आहेत, भिंतीपलीकडं. सकाळी त्यांच्या बांगड्यांचा आवाज येतो. बासष्टाव्या पानावर मुळात काय लिहिलं होतं, ते पान कुठं गेलं, आणि 'मथूस येथे आणणे, उशीर करू नये' ही ओळ मी वेळेवर वाचली होती, हे मला त्यांना सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.